वरच्या बारा मतपत्रिका

यंदाही पत्र आलंय. संस्थेचा शिक्का, खाली सही, आणि मध्ये ते नेहमीचं वाक्य: मतमोजणी अधिकारी म्हणून आपली नेमणूक करण्यात येत आहे. विनंती नाही, विचारणा नाही, सरळ नेमणूक. तीन दिवस झाले, ते पत्र माझ्या पिशवीत डब्याखाली पडलंय. त्याला भाजीच्या तेलाचा डाग लागलाय. लागू दे.

आमच्या शिक्षणसंस्थेच्या चार शाळा. परभणी, मानवत, बोरी आणि झरी. मी झरीला गणित शिकवते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय आणि गुडघे तर आत्ताच निवृत्त झालेत. गणिताची बाई म्हटलं की लोकांना वाटतं हिला मोजायची हौस. सहलीची पोरं मोजा, पंगतीची ताटं मोजा, निवडणुकीची मतं मोजा. खरं सांगू का, मला मोजायचा लय कंटाळा आहे. गणित वेगळं आणि मोजणी वेगळी, पण हे सांगायचं कुणाला? स्टाफरूममध्ये सांगितलं तर म्हणतील, बाईंना काम नको.

आमच्या निवडणुकीची तऱ्हाही निराळीच. संस्था काढणारे वकील होते, निजामाच्या राज्यात हैदराबादला शिकून आलेले. मी त्यांना फक्त ऑफिसातल्या फोटोत पाहिलंय, काळा कोट आणि कपाळावर आठ्या. त्यांनी नियमावलीत लिहून ठेवलं की नऊ जणांच्या कार्यकारिणीत तीन जण नोकरांनी निवडलेले असावेत, आणि ते पसंतीक्रमानं निवडावेत. म्हणजे मतपत्रिकेवर फुली मारायची नाही. सगळी नावं छापलेली असतात, त्यांच्यापुढं आकडे टाकायचे. सगळ्यात पसंत त्याला एक, त्याच्यानंतरच्याला दोन, मग तीन.

मतदार ऐंशी आणि जागा तीन, तर निवडून यायला एकवीस मतं लागतात. एकवीसच का, तर एकवीस-एकवीस मतं तिघांनाच मिळू शकतात, चौथ्याला तेवढी उरत नाहीत. याला कोटा म्हणतात. आता एखाद्याला एकवीसपेक्षा जास्त पडली, तर वरची मतं वाया घालवायची नाहीत. ती देणाऱ्यांनी दोन नंबर कुणाला दिलाय ते बघायचं आणि त्याला द्यायची. वकीलसाहेबांनी एका ओळीत उरकलंय: कोट्यावरील मते पुढील पसंतीच्या उमेदवारास द्यावीत. वाचायला किती सोपं. पण समजा तेहतीस मतं पडली आणि बारा वरची आहेत, तर तेहतीसातली बारा कोणती धरायची? याबद्दल नियमावलीत चकार शब्द नाही.

मला ही मोजणी माझ्या आधीच्या गणिताच्या सरांनी शिकवली. ते म्हणाले, "गठ्ठ्याच्या वरून मोजून घ्यायच्या. जेवढ्या जास्त तेवढ्या वरून उचलायच्या." त्यांना त्यांच्या आधीच्यांनी तसंच सांगितलं असणार. तेव्हा एखाद्याला दोन जास्त पडायची, एखाद्याला तीन. कुठल्या उचलल्या यानं काही बिघडत नव्हतं. मीही कधी डोकं चालवलं नाही. रविवारी फुकट राबायचं आणि वर डोकंही चालवायचं, एवढी हौस मला नव्हती.

तीन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीला चार जण उभे होते. परभणीच्या शाळेचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात. मानवतचे पीटीचे सर. आमच्या झरीचा कारकून. आणि बोरीची मराठीची बाई.

ही बोरीची बाई माझी मैत्रीण. नोकरीची पहिली अकरा वर्षं मी बोरीलाच होते. एका टेबलाला आम्ही दोघी समोरासमोर, तिचा डबा मी खायचा, माझा तिनं. पेपर तपासून झाले की माझ्या बेरजा ती तपासायची आणि तिच्या मी. माझी बदली झरीला झाली तेव्हा मी रडले नाही, ती रडली. आजही उन्हाळ्याच्या सुट्टीत बुद्धपौर्णिमेची खीर ती डब्यात घालून एसटीनं माझ्याकडं पाठवते, कंडक्टरच्या हाती. असं माणूस.

ती कधी कशाला उभी राहणारी नव्हती. राहिली, कारण बोरीचे नववी-दहावीचे वर्ग बंद करायचं घाटत होतं. पट कमी झाला होता. कार्यकारिणीत चार जण बंद करा म्हणणारे, चार जण नको म्हणणारे, आणि जो काही निकाल लागायचा तो नोकरांमधून येणाऱ्या एका माणसावर. मोठे सर बंद करा म्हणणाऱ्यांत, पीटीचे सर नको म्हणणाऱ्यांत, ते आधीपासून ठरलेलं. दोघं निवडून येणार हेही ठरलेलं. राहिली तिसरी जागा. ती बंद करा म्हणणाऱ्या कारकुनाला किंवा माझ्या मैत्रिणीला.

"पोरं जातील गं कुठंतरी," ती मला फोनवर म्हणाली होती. "मोटरसायकलवर ट्रिपल सीट जातील. पोरींचं काय? आठवीनंतर एसटीनं धाडणारी घरं मला म्हाईत हायती. बोटावर मोजण्याएवढी. बाकीच्या घरी बसवतेत."

तेव्हा तिला निवडून यायलाच पाहिजे होतं. हे मला जेवढं कळत होतं तेवढं दुसऱ्या कुणालाच नसेल.

आणि आता आमच्या लोकांची एक खोड सांगते. एक नंबर आमच्याकडं मानाचा असतो. मोठे सर वयानं मोठे, कुणाच्या वडिलांच्या पेन्शनसाठी धावलेले, कुणाच्या लेकाच्या ॲडमिशनला चिठ्ठी दिलेले. त्यांना एक नंबर दिला नाही तर आपण कृतघ्न. म्हणून लोक एक नंबर त्यांना देतात आणि दोन नंबर ज्याला खरंच निवडून आणायचंय त्याला. लग्नात पहिलं ताट पाहुण्याला, तसं. आमचा कारकून तर उघडच म्हणायचा, "मॅडम, मला दोनच द्या. दोनात सगळं भागतंय."

मतमोजणी आळीपाळीनं एकेका शाळेत असते. त्या वर्षी ती झरीला होती. तिचाही एक रिवाज आहे: जी पेटी आधी पोचली ती आधी उघडायची, आणि यजमान शाळेची सगळ्यात शेवटी. घरच्यांनी पाहुण्यांच्या आधी जेवायला बसू नये, एवढंच त्यामागचं कारण. नियमावलीत हेही नाही, पण चुकून कुणी मोडलं तर चार लोक रुसतील.

बोरीची पेटी पहिल्या एसटीनं आली. शिपायाच्या मांडीवर पेटी आणि शेजारी माझी मैत्रीण, निळी काठाची साडी नेसून. मग मानवतची आली. मग उन्हं वर आल्यावर मोठ्या सरांची गाडी आणि परभणीची पेटी. आमची झरीची पेटी तर ऑफिसातच होती.

आठवीच्या वर्गात बाक लावून मी बसले. एकेक पेटी उघडायची, मतपत्रिका उघडून सगळ्यांना दाखवायची, मोठ्यानं वाचायची आणि एक नंबर ज्याला असेल त्याच्या गठ्ठ्यावर ठेवायची. आधी बोरी, त्यावर मानवत, त्यावर परभणी, सगळ्यात वर झरी. मला त्यात काहीच दिसलं नाही. तीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला.

मोठे सर तेहतीस. पीटीचे सर अठरा. कारकून पंधरा. माझी मैत्रीण चौदा.

मोठे सर निवडून आले, वरची मतं बारा. मी त्यांच्या गठ्ठ्याच्या वरून बारा मतपत्रिका मोजून उचलल्या आणि त्यांच्यावरचा दोन नंबर वाचायला लागले. पहिल्या आठ झरीच्याच होत्या. त्यातल्या सातांवर दोन नंबर आमच्या कारकुनाला, कारण आमच्या लोकांचा आपला माणूस तोच. एकीवर माझ्या मैत्रिणीला. पुढच्या चार परभणीच्या, त्यातल्या तीन पीटीच्या सरांना आणि एक तिला. बेरीज केली. पीटीचे सर एकवीस, कारकून बावीस, मैत्रीण सोळा. संपलं.

टाळ्या झाल्या, पेढे आले. ती माझ्याजवळ आली, माझ्या हातातला पेढा मोडून अर्धा घेतला आणि म्हणाली, "हारजीत चालायचीच. चल, साडेचारची गाडी हाय." मला वाईट वाटलं. पण माझ्या हातून काही झालंय असं नाही वाटलं. मोजणी बिनचूक होती. मी दोनदा बेरीज केली होती.

पुढचं ऐका. तीन आठवड्यांनी स्वयंपाकाच्या मावशींना बाजारातून माळवं आणायला उशीर झाला, तर दुपारचं जेवण वाढायला मीच पळी हातात घेतली. पाचवीची रांग आधी. वाढते वाढते तर पातेल्याच्या तळाशी नुसती डाळ, आणि ती सगळी शेवटच्या आठवीला. पाचवीच्या ताटांत पिवळं पाणी. मावशी आल्या, ताटं बघितली आणि माझ्या हातून पळी काढून घेतली.

"मॅडम, ढवळल्याबिगर कुणी वाढतंय का? वरचं वर राहतंय, खालचं खाली."

मी तिथंच व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मावशींना वाटलं मला त्यांचं बोलणं लागलं. त्या म्हणाल्या, "राग आला का?" मी म्हटलं, न्हाई. मला राग आला होता, पण माझा.

ऑफिसात जाऊन कारकुनाकडं कपाटाची किल्ली मागितली. मतपत्रिका पुढच्या निवडणुकीपर्यंत ठेवायच्या असतात. त्यानं काही न विचारता किल्ली दिली. तो वाईट माणूस नाही, हेही सांगून ठेवते. मी मोठ्या सरांचा सगळा गठ्ठा सोडला आणि तेहतीसच्या तेहतीस मतपत्रिकांवरचा दोन नंबर मोजला. माझ्या मैत्रिणीला पंधरा. पीटीच्या सरांना अकरा. कारकुनाला सात.

त्यातल्या तळाच्या नऊ बोरीच्या होत्या. नऊच्या नऊ तिला. बोरीच्या लोकांनीही मोठ्या सरांचा मान राखला होता आणि दोन नंबर आपल्या बाईला दिला होता. तिची पेटी पहिल्या गाडीनं आली, म्हणून ती मतं सगळ्यात खाली गेली आणि खालीच राहिली. बारा मतं तेहतीस जणांनी मिळून दिली होती, तर ती तेहतीस जणांच्या प्रमाणात वाटायला पाहिजे होती. आठवीचं समप्रमाणाचं गणित आहे. तिला साडेपाचच्या आसपास, कारकुनाला अडीच, उरलेली चार पीटीच्या सरांना. ती साडेएकोणीसवर, तो साडेसतरावर. दोघांचीही एकवीस होत नाहीत, तेव्हा सगळ्यात कमी मतांचा तो बाद, ती निवडून. मी ते कागदावर तीनदा केलं. पहिल्यांदाच वाटलं की माझं गणित चुकावं.

तक्रारीची मुदत पंधरा दिवसांची, ती उलटून गेली होती. कार्यकारिणीची बैठक चार दिवसांवर. रविवारी मी परभणीला मोठ्या सरांच्या घरी गेले. कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट वाचला, त्यांना कळलं. हुशार माणूस आहे.

"मॅडम, हे बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "पण आजवर असंच होत आलंय. आन मोजलं कुणी? तुमीच ना?"

मी म्हटलं, "म्हणूनच आलेय. बैठकीत मीच सांगते."

"सांगा की. मी कशाला अडवू?" त्यांनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. "फक्त एक इचार करा. झरीची एक तुकडी यंदा जायलीय. ती गेली की गणिताची एक पोस्ट जाती, म्हणजे तुमी. बोरीचे लेकरं झरीला आले की तुकडी वाचती. लोक आत्ता काही म्हणत न्हाईत. तुमी तोंड उघडलं की म्हणतील, बाईनं आपली पोस्ट वाचवायला मुद्दाम वरची उचलली आन आता साळसूद व्हायलीय."

चहा आला. मी प्याले. आजही मला त्या चहाची लाज वाटते, पण प्याले. माझा लेक तेव्हा पुण्यात शिकत होता, नवऱ्याचं दुखणं सुरू झालं होतं, आणि या वयात अतिरिक्त ठरून गडचिरोलीच्या की कुठल्या शाळेत बदलीवर जायचं, या विचारानं मी कागद पिशवीत घालून परत आले. मुद्दाम केलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं केलं. पण माझ्या चुकीनं माझीच नोकरी वाचत होती, तर मुद्दाम नव्हतं हे कुणाला पटवायचं? काही दिवस मलाच पटेना.

बैठकीत मी गेले नाही. बोलावलंच नव्हतं, पण जाता आलं असतं. पाच विरुद्ध चार. बोरीचे नववी-दहावीचे वर्ग बंद.

पुढच्या जूनमध्ये माझी मैत्रीण झरीला आली, बदलीवर. स्टाफरूममध्ये पुन्हा आम्ही एका टेबलाला समोरासमोर. ती खूश झाली की नाही माहीत नाही, म्हणाली तरी तसंच. त्या वर्षी बोरीहून आठवी पास झालेल्या अकरा पोरींपैकी चार झरीला आल्या. बाकीच्यांच्या घरी ती रविवारी जायची. एकीच्या आईनं दार उघडलं नाही, एकीचं लग्न ठरलेलं निघालं. सोमवारी येऊन ती मला सगळं सांगायची, आणि मी भाकरीचा तुकडा मोडत ऐकायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, फक्त तोंड माझं मीच दाबलेलं. तीन वर्षं.

यंदा हे नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, आता बास. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. मी वहीचं पान फाडलं आणि तिला सगळं मांडून दाखवलं. तेहतीस, बारा, बोरीच्या तळाशी गेलेल्या नऊ, साडेपाच आणि अडीच. मोठ्या सरांकडं गेले होते तेही सांगितलं. चहा प्याले तेही. म्हटलं, आता ही उठून जाईल, नाहीतर चार लोकांसमोर मला झोडपेल. झोडपलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं पान बघितलं, उलटं केलं, परत बघितलं.

"असं व्हय," ती म्हणाली. मग डब्याचं झाकण लावत बसली. ते नीट बसत नाही, वाकडं झालंय. "मला मोजणीतलं काय कळतंय. तू वरून उचलल्या तवा मला वाटलं असंच असतंय. तू मोजायलीस म्हणल्यावर मी कशाला बघू?"

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "आणि नंतर गप्प बसले, ती त्याहून मोठी."

"पोरींचं वाईट झालं." तिनं डबा पिशवीत ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला मोजणीचं म्हाईत नव्हतं. पण तू एकेक कागद वर धरून दाखवायलीस ना, तवा झरीचा एक मोठ्या सरांच्या गठ्ठ्यावर गेला. त्यांना एक आन मला दोन. तो दोन तुझा होता. अकरा वर्षं तुझ्या बेरजा तपासल्यात मी, तुझा दोन मला कुठंबी वळखू येतो."

मान राखला म्हणू? सगळे देतात म्हणून दिला म्हणू? झरीच्या त्या आठांमधली ती एक मतपत्रिका माझीच होती. तीन वर्षं मी मनात एवढंच धरून होते की निदान माझं मत तरी तिला पोचलं.

"त्याचं मला वाईट वाटलं होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी. हारल्याचं न्हाई."

घंटा झाली. ती खडू घेऊन नववीवर गेली, यंदा बोरीहून आलेल्या पोरी त्याच वर्गात आहेत.

संस्थेला मी काल उत्तर लिहिलं. मोजायला येईन, पण प्रत्येक मतपत्रिकेचा हिस्सा प्रमाणात धरून, आणि चारही पेट्या एकत्र करून मगच. जुन्या मोजणीत काय झालं तेही दोन पानांत लिहिलंय. पोस्ट जायची तर जाऊ दे. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. पत्राबरोबर उमेदवारांची यादी आली होती, ती मी दोनदा वाचली. एक नंबर कुणाला द्यायचा हे माझं या वेळी पक्कं ठरलं होतं. पण ती उभी नाही.